कपात चहा किती उरला होता?

सदर : पडद्यामागच्या बाया



फराळ झाला असेल, मुलं फुलबाज्या घेऊन ड्राइव्हवेवर गेली असतील आणि तुम्ही अंक हातात घेऊन सोफ्यावर टेकला असाल, तर चला, यंदाही पडद्यामागच्या एका बाईला भेटू या. मालिका बघताना चेहरे लक्षात राहतात, साड्या लक्षात राहतात, शीर्षकगीत तोंडात बसतं. दिग्दर्शकाच्या नावाची पाटी मात्र सगळ्यात शेवटी येते आणि तोवर आपला अंगठा 'स्किप इंट्रो'वर गेलेला असतो. यंदा त्या पाटीपाशी जरा थांबायचं आहे.

पाटीवरचं नाव आहे मिमी लेडर. नाव ओळखीचं नसलं तरी काम ओळखीचं असेल. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो तो 'डीप इम्पॅक्ट' आपल्यापैकी पुष्कळांनी भारतात असतानाच केबलवर पाहिला आहे. तो तिचा. जॉर्ज क्लूनीला घराघरात पोचवणाऱ्या 'ईआर' या दवाखान्याच्या मालिकेचे सुरुवातीचे कितीतरी भाग तिचे. आणि हल्ली आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याची चर्चा असते तो 'द मॉर्निंग शो', त्याचीही ती दिग्दर्शक आणि कार्यकारी निर्माती. 'ईआर'च्या एका भागासाठी तिला १९९५ साली एमी पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या टीव्हीच्या जगात याहून मोठा मान नाही.

हीच का निवडली? आपल्याकडे 'करिअर' म्हटलं की डोळ्यांपुढे जिना येतो. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, एम.एस., नोकरी, ग्रीन कार्ड, घर. एकेक पायरी वर. मध्ये कुणी थांबलं किंवा एखादी पायरी खाली उतरलं, की पॉटलकला भाजी वाढून घेता घेता हळूच प्रश्न येतो, "मग सध्या काय करतेस?" मिमी लेडरच्या वाटेला जिना म्हणता येणार नाही. ती कधी दाराबाहेर ताटकळली, कधी एकदम गच्चीवर पोचली आणि तिथून पुन्हा तळमजल्यावर आली. आणि तिचं काही उत्तम काम या तळमजल्यावरच झालं आहे. हे कसं, ते नीट बघण्यासारखं आहे.

कॅमेरा शिकली, वही मिळाली

मिमीचा जन्म १९५२चा, न्यू यॉर्कचा. वाढली लॉस एंजेलिसला. वडील पॉल लेडर अगदी तुटपुंज्या पैशांत चित्रपट काढणारे स्वतंत्र निर्माते-दिग्दर्शक. आई पियानो वाजवणारी, नाझींच्या छळछावणीतून जिवंत परत आलेली. म्हणजे घरात एकीकडे सिनेमा आणि दुसरीकडे, न बोललं तरी सगळ्यांना माहीत असलेलं केवढं तरी दुःख. या बाईला पुढे दुःखाच्या गोष्टी इतक्या संयमाने सांगता आल्या, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तिने सिनेमॅटोग्राफी, म्हणजे कॅमेऱ्याचं शास्त्र घेतलं. त्या शाखेत शिकणारी ती पहिली मुलगी. १९७३ साली शिक्षण पुरं झालं. हातात पदवी होती, पण पुढचं दार बंद होतं. ते किती घट्ट बंद होतं ते एका आकड्यावरून कळेल. १९७९ साली दिग्दर्शकांच्या संघटनेतल्या, म्हणजे डायरेक्टर्स गिल्डमधल्या सहा बायकांनी जुन्या नोंदी काढून मोजदाद केली. १९४९ ते १९७९ या तीस वर्षांत मोठ्या वितरकांनी प्रदर्शित केलेले ७,३०० हून जास्त चित्रपट त्यांनी तपासले. बायकांनी दिग्दर्शित केलेले त्यात किती निघाले? फक्त १४.

मिमीला मग जे काम मिळालं ते होतं स्क्रिप्ट सुपरवायझरचं. आपल्याकडे सेटवर याला 'कंटिन्युइटी' म्हणतात. जुन्या काळी हॉलिवूडमध्ये या कामाचं नावच 'स्क्रिप्ट गर्ल' होतं, यावरून ते कोणाचं समजलं जायचं ते ओळखा!

हे काम काय असतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे. चित्रीकरण कधीच गोष्टीच्या क्रमाने होत नाही. स्वयंपाकघरातला प्रसंग सकाळी नऊला सुरू होतो. नायिका हातात चहाचा कप घेऊन बोलते. आधी दुरून घेतात, मग नायिकेचा चेहरा जवळून, मग समोरच्याचा चेहरा. मध्ये जेवणाची सुट्टी होते, दिवे हलवतात, कुणाचा तरी फोन येतो. दुपारी तीनला त्याच वाक्याचा तुकडा पुन्हा घ्यायचा असतो. आता कप डाव्या हातात होता की उजव्या? कपात चहा किती उरला होता? 'नाही' म्हणताना तिने कप खाली ठेवला की 'नाही' म्हणून झाल्यावर? बाही दुमडलेली होती का? डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं की अजून पापणीतच होतं? हे सगळं वहीत टिपून ठेवणारी बाई म्हणजे स्क्रिप्ट सुपरवायझर. कुठला टेक किती सेकंदांचा झाला, दिग्दर्शकाला कुठला आवडला, नटाने कुठे शब्द बदलला, हेही तीच लिहिते. ही वही पुढे संकलकाकडे जाते. तिच्यात चूक झाली तर पडद्यावर कप या हातातून त्या हातात उड्या मारतो.

ज्यांनी शाळेत शिकवलंय त्यांना हे काम लगेच कळेल. चाळीस मुलांच्या वर्गात कुणाचं पान कुठवर आलंय, कालचा धडा कुठे सोडला होता, मागच्या बाकावरचा आज का गप्प आहे, हे लक्षात ठेवणं म्हणजे कंटिन्युइटीच की. आणि आपल्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेत विंगेत वही घेऊन उभी असते ना एक जण, तिलाही कळेल. टाळ्या पडतात तेव्हा ती पडद्याच्या मागच्या बाजूला असते. पण सगळ्यांची वाक्यं, सगळ्यांच्या जागा आणि कोण कुठे हमखास अडखळतो, हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत असतं.

मिमीने हे काम बरीच वर्षं केलं. त्यात 'हिल स्ट्रीट ब्लूज' ही अमेरिकन टीव्हीचा चेहरा बदलणारी पोलीस मालिकाही होती. खुर्ची कुठे, तर दिग्दर्शकाच्या शेजारी, कॅमेऱ्याला लागून. दर भागाला नवा दिग्दर्शक. कोण नटाला ओरडून गप्प करतो आणि कोण हळू बोलून त्याच्याकडून हवं ते काढतो, कोणाचे तुकडे संकलनात जुळतात आणि कोणाचे जुळत नाहीत, हे तिने रोज, पगार घेऊन पाहिलं. फिल्म स्कूलच्या फीमध्ये हे कुणी शिकवत नाही.

दिग्दर्शनही येतं हे दाखवायला तिने स्वतःची एक छोटी फिल्म केली. मग १९८७ साली 'एल.ए. लॉ' या वकिलांच्या मालिकेत तिला एक भाग दिग्दर्शित करायला मिळाला. पदवी १९७३ची, पहिला भाग १९८७चा. चौदा वर्षं झाली होती. वनवासाचा हिशेब पुरा!

टीव्हीतला दिग्दर्शक म्हणजे पाहुणा

पुढे जाण्याआधी इथल्या टीव्हीचा कारभार थोडक्यात. चित्रपटात दिग्दर्शक घरचा मालक असतो. मालिकेत मालक असतो 'शोरनर', म्हणजे मुख्य लेखक-निर्माता. दिग्दर्शक एका भागापुरता येणारा पाहुणा. नट आधीपासून तिथे मुरलेले, सेट ठरलेला, गोष्ट ठरलेली. एका तासाचा भाग साधारण आठ दिवसांत चित्रित करायचा. जुन्या नेटवर्क पद्धतीत एका सीझनला बावीस-चोवीस भाग, त्यामुळे आज उशीर झाला तर उद्याची गाडी चुकते. आपल्या मराठी दैनंदिन मालिकांत जवळजवळ रोज एक भाग काढतात. त्या मानाने हे चैनीचं वाटेल, पण इथल्या प्रत्येक भागाकडून छोट्या चित्रपटाइतकी अपेक्षा असते.

अशा दुसऱ्याच्या घरात जाऊन, तिथली भांडी वापरून, आपल्या हाताची चव उतरवायची. सासरी पहिल्यांदा पुरणपोळी करायची वेळ आलेल्या प्रत्येकीला हा पेच ठाऊक आहे.

मिमीच्या हाताची चव दिसली ती 'चायना बीच' या मालिकेत. व्हिएतनाम युद्धातल्या लष्करी इस्पितळातल्या नर्सेसची ही गोष्ट, १९८८ ते १९९१ चाललेली. युद्धाची मालिका, पण मध्यभागी बायका. तिथे ती दिग्दर्शक होती, निर्मातीही झाली आणि एमीसाठी तिचं नाव नामांकनात आलं. मग १९९४ च्या सप्टेंबरात एनबीसीवर 'ईआर' सुरू झाली.

एक दिवस, एक बाळंतपण

९ मार्च १९९५ ला 'ईआर'चा जो भाग दाखवला गेला त्याचं नाव 'लव्हज लेबर लॉस्ट'. शेक्सपिअरच्या नाटकाच्या नावावरचा श्लेष. 'लेबर' म्हणजे कष्ट आणि 'लेबर' म्हणजे बाळंतकळाही. लिहिला होता लान्स जेंटाइल यांनी. ते स्वतः आपत्कालीन विभागातले डॉक्टर. दिग्दर्शन मिमी लेडरचं.

गोष्ट साधी आहे आणि म्हणूनच भयंकर. दिवस भरत आलेली एक बाई नवऱ्याबरोबर इमर्जन्सीत येते. हसरं जोडपं, पहिलं मूल. डॉ. मार्क ग्रीन हा कामसू, मायाळू डॉक्टर तपासतो. लघवीचा संसर्ग आहे असं ठरतं, औषध देऊन त्यांना घरी पाठवतात. थोड्या वेळाने नवरा धावत परत येतो. गाडीत तिला झटके येताहेत. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारी ही अवस्था, एक्लॅम्प्सिया. तिथून पुढे दवाखान्याचा तो एक कोपरा सोडून आपण जवळजवळ कुठेच जात नाही. प्रसूतीतज्ज्ञ वेळेवर पोचत नाही. बाळाचा खांदा अडकतो. इमर्जन्सीतच पोट उघडावं लागतं. बाळ वाचतं. आई वाचत नाही.

शिक्षिकेच्या सवयीने मी हा भाग थांबवून थांबवून पाहिला. मिमीने काय केलंय? सुरुवातीला ती आपल्याला या जोडप्याच्या प्रेमात पाडते, आणि त्याची घाई करत नाही. त्यांचे विनोद, बाळाच्या नावाचं बोलणं. मग परिस्थिती बिघडायला लागते तसा कॅमेरा खाटेभोवती फिरायला लागतो. डॉक्टर एकमेकांना जे आकडे आणि औषधांची नावं ओरडून सांगतात त्यातलं आपल्याला काही समजत नाही. समजावं अशी अपेक्षाही नाही. चेहऱ्यांवरून सगळं समजतं. कुठली नर्स कुठे उभी, कुणाच्या हातात काय, हे क्षणभरही विसकटत नाही. एवढ्या गोंधळात प्रेक्षक हरवत नाही, कारण दिग्दर्शकाच्या डोक्यात वही उघडी आहे.

आणि मग ती एकदम थांबते. शांतता. डॉक्टर बाळाला घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे जातो. शेवटी तोच डॉक्टर रात्री शिकागोच्या लोकलमध्ये एकटा बसून रडतो. उपदेश नाही, कोर्टकचेरी नाही, दोष कोणाचा याचा निकाल नाही. एका चांगल्या माणसाच्या हातून घडलेली गोष्ट आणि तिचं ओझं, एवढंच.

या भागासाठी लेखनाचा एमी जेंटाइल यांना आणि दिग्दर्शनाचा मिमीला मिळाला. नाट्यमालिकेच्या दिग्दर्शनाचा एमी मिळवणारी पहिली स्त्री होती कॅरन आर्थर, १९८५ साली, 'कॅग्नी अँड लेसी' या मालिकेतल्या एका भागासाठी. दुसरी मिमी, बरोबर दहा वर्षांनी. तिसरी कधी झाली असेल? २०१७ साली, 'द हँडमेड्स टेल'साठी रीड मोरानो. मध्ये बावीस वर्षं गेली. दार उघडलं म्हणतो आपण, पण ते मागून पुन्हा लागतंही.

गच्ची आणि तळमजला

'ईआर'च्या निर्मितीत स्टीव्हन स्पिलबर्गची कंपनी होती. त्याने नव्या ड्रीमवर्क्स कंपनीचा पहिलाच चित्रपट मिमीला देऊ केला. 'द पीसमेकर', चोरीला गेलेल्या अण्वस्त्रांची थरारकथा. असली मारामारी मी कधी केली नाही, असं ती म्हणाली. 'ईआर'मध्ये तू रोज तेच तर करतेस, असं स्पिलबर्गचं म्हणणं पडलं. ही आठवण तिने मुलाखतींत सांगितली आहे. १९९७ साली तो चित्रपट आला. पाठोपाठ १९९८च्या मे महिन्यात 'डीप इम्पॅक्ट', ज्याने जगभरात साधारण ३५ कोटी डॉलर कमावले. धूमकेतूचा चित्रपट, पण आठवतं काय? किनाऱ्यावर येणाऱ्या लाटेसमोर उभे राहिलेले बाप-लेक. तिथेही मिमीने दवाखान्यातलीच रीत वापरली आहे : संकट मोठं, कॅमेरा माणसाजवळ.

२००० साली 'पे इट फॉरवर्ड' आला. केव्हिन स्पेसी, हेलन हंट, आणि 'द सिक्स्थ सेन्स'मधला तो लहानगा हेली जोएल ऑस्मेंट. सगळं जमून आलंय असं वाटावं. समीक्षकांनी झोडपला. आणि जिचा आधीचा चित्रपट तुफान चालला होता, त्या दिग्दर्शिकेला मोठ्या चित्रपटाची कामं येणंच थांबलं. हॉलिवूडमध्ये या अवस्थेला 'मूव्ही जेल' म्हणतात, चित्रपटाचा तुरुंग. मिमीने हा शब्द स्वतःबद्दल उघडपणे वापरला आहे, आणि पुरुष दिग्दर्शकाला अशा अपयशानंतर आणखी संधी मिळत राहतात, हेही सांगितलं आहे. अमेरिकेतल्या थिएटरांत तिचा पुढचा मोठा चित्रपट लागायला २०१८ उजाडलं. अठरा वर्षं.

आता आपल्या हिशेबाने ही 'गॅप'. रेझ्युमेवर खाली मान घालून लिहायची ओळ. प्रत्यक्षात तिने त्या वर्षांत काय केलं? परत टीव्हीत गेली. दुसऱ्यांच्या मालिकांत पाहुणी म्हणून एकेक भाग केला. 'द वेस्ट विंग', 'शेमलेस' आणि अशा कितीतरी. ज्या घराची ती एकदा मालकीण झाली होती, त्याच्या शेजारी पुन्हा भाड्याने राहायला जाण्यासारखं हे. लोकांनी हळहळ केलीच असणार. पण तोवर टीव्ही बदलत होता. केबलवाल्यांनी मोठ्या माणसांसाठी गंभीर, लांब पल्ल्याच्या गोष्टी काढायला सुरुवात केली होती, आणि त्या नीट सांगणारे अनुभवी हात त्यांना हवे होते.

त्यातली एक म्हणजे एचबीओवरची 'द लेफ्टओव्हर्स', २०१४ ते २०१७. एका क्षणात जगातली दोन टक्के माणसं नाहीशी होतात. का, कुठे गेली, काही कळत नाही. मागे राहिलेल्यांनी कसं जगायचं, याची ही मालिका. मिमी पहिल्या सीझनमध्ये एका भागासाठी पाहुणी म्हणून आली, ती पुढे कार्यकारी निर्माती आणि मालिकेची मुख्य दिग्दर्शक होऊन राहिली. शेवटचा भागही तिचाच. त्यात ना स्फोट, ना धावपळ. वय झालेली एक बाई आणि एक पुरुष टेबलाशी बसले आहेत, समोर चहा आहे, आणि ती त्याला एक गोष्ट सांगते. खरी की खोटी, ते आपण ठरवायचं. कॅमेरा हलत नाही म्हटलं तरी चालेल. इतका वेळ नुसता चेहरा दाखवायचा तर दिग्दर्शकाचा नटीवर, शब्दांवर आणि आपल्यावरही विश्वास लागतो. तो असा वर्षानुवर्षं शेजारी बसून बघितल्यावरच येत असावा.

मग २०१८ साली तो चित्रपट आला, 'ऑन द बेसिस ऑफ सेक्स'. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या तरुणपणाची गोष्ट : कायद्याच्या परीक्षेत अव्वल, पण बाई म्हणून एकही वकिली फर्म नोकरी देत नाही, तेव्हा शिकवायला लागलेली स्त्री. हा विषय मिमीकडे यावा, यात नवल नाही. २०१९ पासून 'द मॉर्निंग शो'. त्यातल्या एका भागासाठी २०२० साली तिला पुन्हा दिग्दर्शनाचं एमी नामांकन मिळालं. 'लव्हज लेबर लॉस्ट'नंतर पंचवीस वर्षांनी.

आपल्याकडची सईबाई

हे वाचताना मला सतत सई परांजपे आठवत होत्या. 'चश्मेबद्दूर' आणि 'कथा' आपल्या सगळ्यांच्या घरात पाठ असतात, पण सईबाईंचा पाया टीव्हीचा आहे हे अनेकांना माहीत नसतं. पुण्याच्या आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्यविद्यालय आणि मग दिल्ली दूरदर्शन. तिथे निर्माती असताना केलेल्या 'द लिटल टी शॉप' या टेलिफिल्मला १९७२ साली तेहरानला आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. अंध शाळेच्या मुख्याध्यापकाची गोष्ट आधी त्यांनी छोट्या पडद्यासाठी केली, तिचाच पुढे 'स्पर्श' झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आणि 'कथा' गाजल्यावर त्या काय करतात? १९८४ साली 'अडोस पडोस' आणि १९८५ साली 'छोटे बडे', पुन्हा दूरदर्शनसाठी. मोठ्या पडद्यावरून छोट्या पडद्यावर येताना आपण खाली उतरतोय असं त्यांच्या कामात कुठे दिसत नाही. गोष्ट ज्या मापाची, त्या मापाचं भांडं घ्यायचं. २००६ साली पद्मभूषण मिळाला तो या सगळ्या भांड्यांचा मिळून.

एक फरकही नोंदवायला हवा. सईबाईंच्या मागे रँग्लर परांजप्यांचं घर होतं. मिमीच्या मागे सिनेमावाले वडील होते, ती लॉस एंजेलिसमध्ये वाढली होती आणि कामासाठी तिला कुणाच्या व्हिसाची वाट बघावी लागली नाही. चिकाटी असली की सगळं होतं, असं मी इथे लिहिलं तर ते खरं होणार नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं?

आपल्या मंडळात माझ्यासारख्या एच-४ वर आलेल्या कितीतरी जणी आहेत. कुणी तिकडे बँकेत होतं, कुणी लॅबमध्ये, कुणी माझ्यासारखं एम.ए., बी.एड. करून शाळेत. २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळायला लागला, काहींना अजूनही नाही. शिकवण्याचा इथला परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा, आपली प्रमाणपत्रं तपासून घ्यायची, परीक्षा द्यायच्या, आणि मधल्या काळात मुलं लहान. या वर्षांना आपणच 'ब्रेक' म्हणतो, आणि तेही जरा आवाज खाली घेऊन.

मिमीच्या गोष्टीतलं मला जे उपयोगी वाटतं ते एवढंच : हवं ते काम मिळत नसेल तेव्हा त्या कामाच्या अगदी शेजारची खुर्ची शोधायची आणि तिथे वही उघडून बसायचं. लांबची नको, शेजारची. तिला दिग्दर्शन करायचं होतं, म्हणून ती कॅमेऱ्यापासून दूर कुठल्या ऑफिसात गेली नाही. जिथून प्रत्येक टेक दिसतो अशी जागा तिने धरली. मी दर रविवारी मराठी शाळेत शिकवते. दहा मुलं, बिनपगारी काम. कुणी त्याला 'छान टाइमपास' म्हणतं. पण घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला 'ळ' कसा शिकवायचा, दोन भाषांत विचार करणारं मूल कुठे अडतं, त्याच्या आईला काय सांगायचं आणि काय नाही, हे मी तिथेच शिकले आहे. साताऱ्याच्या शाळेत ते शिकायला मिळालं नसतं. माझी वही भरते आहे. उद्या परवाना हातात आला तर वर्गात जाताना ती बरोबर असेल, आणि नाही आला तरी दहा मुलांना वाचता येईल.

आता मुलांबद्दल. तुमच्या घरातल्या सोळा वर्षांच्या कुणी "मला फिल्म करायचीय" असं म्हटलं, तर घाबरून कॉम्प्युटर सायन्सचं माहितीपत्रक पुढे करू नका. पण लगेच महागडा कॅमेराही घेऊन देऊ नका. शाळेच्या नाटकात स्टेज मॅनेजर हो म्हणावं. वही धर, दिवे लाव, संकलन शिक. या धंद्यात एकच रस्ता नसतो. लेस्ली लिंका ग्लॅटर नृत्यांगना होती, जपानमध्ये राहत होती. तिथे एका वृद्ध माणसाने सांगितलेल्या गोष्टी तिच्या मनात घर करून राहिल्या, त्यांवर तिने एक छोटी फिल्म केली, तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढे 'मॅड मेन' आणि 'होमलँड'च्या भागांसाठी डायरेक्टर्स गिल्डचे पुरस्कार, आणि २०२१ साली त्याच गिल्डचं अध्यक्षपद. ज्या गिल्डमधल्या सहा बायकांनी १९७९ साली ते १४ चित्रपट मोजले होते, तेच हे गिल्ड. मुलांना हे सांगा. त्याचबरोबर चौदा वर्षांचं ताटकळणंही सांगा. अर्धी गोष्ट सांगून कुणाला वाटेला लावू नये.

या सुट्टीत वेळ मिळाला तर 'लव्हज लेबर लॉस्ट' जरूर बघा. घरात कुणी दिवस भरत आलेली असेल तर तो बेत पुढे ढकला. तिला 'चश्मेबद्दूर' लावून द्या. आणि काहीही बघा, सुरुवातीची ती शेवटची पाटी येईपर्यंत तेवढा अंगठा आवरा. नाव वाचा, जमलं तर लिहून ठेवा. पुढच्या अंकासाठी मला नावं लागणारच आहेत!

आपणा सर्वांना, आणि हा अंक पुण्या-मुंबईला, सांगली-साताऱ्याला बसून वाचणाऱ्या आपल्या आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.